बिघाडाचा प्रवाह किती हवा?

वैनगंगेच्या एका तीरावर तुमसर तालुक्यातला सिहोरा परिसर आणि पलीकडच्या तीरावर तिरोडा. तिरोड्यात 2012 ते 2014 या काळात 660 मेगावॉटचा एक असे पाच संच सुरू झाले आणि 3300 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. तिथली वीज 765 केव्हीच्या वाहिनीवरून कोराडी, अकोला करत छत्रपती संभाजीनगरकडे जाते. सिहोऱ्याच्या धानाच्या बांधीला लागणारी वीज मात्र नदी ओलांडून सरळ येत नाही. ती उपकेंद्रामागून उपकेंद्र उतरत 33 केव्ही आणि मग 11 केव्हीवर येते आणि शेवटी एखाद्या डीपीतून, म्हणजे गावच्या रोहित्रातून, खांबांवरच्या पातळ तारांवरून मोटारपंपापर्यंत पोचते. या प्रवासाच्या दोन टोकांना बिघाड झाला, तर घडणाऱ्या गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट असतात. वीजकेंद्राच्या आवारात दोन तारा एकमेकींना भिडल्या तर हजारो ॲम्पिअरचा लोंढा उसळतो आणि लोखंड-तांबे वितळायच्या आत तो तोडणे हे अभियंत्यांपुढचे संकट असते. बांधीत तार तुटून चिखलात पडली तर प्रवाह कधी कधी इतका थोडा वाहतो की फ्यूज जळत नाही, ब्रेकर पडत नाही आणि तार जिवंतच राहते. वीज यंत्रणेतील बिघाडाचा प्रवाह मर्यादेत ठेवण्याची चर्चा बहुधा पहिल्या टोकाची होते. ती अर्धीच आहे. या प्रवाहाला वरची मर्यादा हवी तशी खालचीही हवी, आणि गेल्या वीस वर्षांत आपण वरच्या मर्यादेवर जितकी बुद्धी आणि पैसा खर्चला त्याचा लहानसा हिस्साही खालच्या मर्यादेच्या वाट्याला आलेला नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी हा प्रवाह एवढा मोठा का होतो ते पाहू. सर्वसाधारण वेळी तारेतून किती वीज वाहावी हे वापरणारा ठरवतो. मोटारीचा, दिव्याचा, गिरणीचा स्वतःचा विरोध प्रवाहाला आवर घालत असतो. तारेला तार चिकटली की वापरणाऱ्याचा विरोध वाटेतून निघून जातो. उरतो तो तारांचा, रोहित्राचा आणि त्यामागच्या जनित्रांचा अंगभूत अडथळा, आणि तो फार थोडा असतो. सिहोऱ्याजवळच्या चांदपूर तलावाच्या नहराला किती पाणी सुटेल ते नहराचे दार ठरवते. पाळ फुटली तर किती पाणी येईल ते तलाव ठरवतो. गावच्या 100 केव्हीए रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे 133 ॲम्पिअर असतो. त्याचा अंगभूत अडथळा साडेचार टक्क्यांच्या आसपास धरतात. याचा अर्थ असा की त्याच्या तोंडाशीच शॉर्ट सर्किट झाले तर भाराच्या बावीस पट, म्हणजे जवळजवळ 3,000 ॲम्पिअर प्रवाह वाहू शकतो. हेच गणित 660 मेगावॉटच्या संचाला लावले, जनित्र आणि त्याचे रोहित्र दोघांचा अडथळा धरला, तर 400 केव्हीवर ढोबळमानाने तीन हजार ॲम्पिअरची भर एकटा संच घालतो. पाच संच म्हणजे पंधरा हजार, आणि उरलेल्या ग्रिडमधून धावत येणारा प्रवाह वेगळाच. बिघाडाच्या ठिकाणी वीज पुरवण्यात सगळी जनित्रे सामील होतात. कोणते कोणाच्या मालकीचे आहे हे प्रवाहाला ठाऊक नसते.

प्रवाह दुप्पट झाला की नुकसान दुप्पट होते, असा समज सहज होतो, पण तो खरा नाही. तारेत तयार होणारी उष्णता आणि शेजारच्या दोन पट्ट्यांना एकमेकींपासून दूर फेकणारे किंवा एकमेकींवर आपटणारे बल, दोन्ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे 20 हजारांचे 40 हजार ॲम्पिअर झाले तर बल चौपट. त्यातही पहिल्या लाटेचे शिखर सर्वांत उंच असते: 40 हजार ॲम्पिअरसाठी बनवलेल्या सामग्रीला एका क्षणी एक लाख ॲम्पिअरचे शिखर सोसावे लागेल असे प्रमाणपद्धती धरून चालते. रोहित्राची गुंडाळी वाकते ती या धक्क्याने, आणि एकदा किंचित सरकलेली गुंडाळी पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या बिघाडात जळते. सर्किट ब्रेकरचे काम त्याहून अवघड. त्याला हा प्रवाह चालू असताना, पेटलेल्या विद्युत-चापासकट, एक दशांश सेकंदाच्या आत तोडायचा असतो. त्याची तोडण्याची क्षमता कागदावर ठरलेली असते: 400 केव्हीसाठी 40, 50 किंवा 63 हजार ॲम्पिअर, 220 केव्हीसाठी बहुधा 40 हजार. क्षमतेपेक्षा मोठा प्रवाह समोर आला तर ब्रेकर तो तोडू शकत नाही. तो स्वतः फुटतो आणि शेजारचे सामान घेऊन जातो.

आणि हा आकडा वाढतच गेला आहे. मार्च 2003 मध्ये पश्चिम ग्रिड पूर्व आणि ईशान्येच्या ग्रिडशी जोडली गेली, ऑगस्ट 2006 मध्ये उत्तरेची ग्रिड त्यांना मिळाली आणि 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर या 765 केव्ही वाहिनीने दक्षिणही त्यात आली. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रे एकाच तालात फिरतात. याचा फायदा उघड आहे: विदर्भाचा कोळसा जिथे असेल तिथे जाळून वीज हवी तिकडे नेता येते. पण जोडलेली प्रत्येक नवी वाहिनी ही बिघाडाच्या ठिकाणी प्रवाह पोचवणारी आणखी एक वाटही असते. दूरच्या वाहिनीची भर थोडी, जवळच्या संचाची फार. तरी बेरीज वरच चढते. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियोजन-निकषांत नव्या उपकेंद्राचा बिघाड-प्रवाह सामग्रीच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे घातले आहे. उरलेले 20 टक्के पुढे येणाऱ्या वाढीसाठी राखून ठेवायचे. हा चांगला नियम आहे, पण जुन्या उपकेंद्रांना तो उशिरा लागू पडतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी 40 हजार ॲम्पिअरचे ब्रेकर बसवताना समोर जी ग्रिड होती, ती आज राहिलेली नाही.

मग करायचे काय? सगळे ब्रेकर बदलणे हा एक मार्ग, पण ब्रेकर बदलला तरी त्याखालची पट्टी, आधार, अर्थिंगची जाळी हे सगळे जुन्याच आकड्याला बांधलेले असते. दुसरा मार्ग उपकेंद्राची मुख्य पट्टी, जिला अभियंते बस म्हणतात, ती दुभागण्याचा. दोन भाग वेगळे झाले की एका भागातल्या बिघाडाला दुसऱ्याचा पुरवठा थेट मिळत नाही. दिल्लीभोवती ग्रिड इतकी दाट झाली की मंडोला, बल्लभगढ यांसारख्या 400 केव्ही केंद्रांसाठी बस दुभागणे आणि दोन भागांमध्ये सिरीज रिॲक्टर, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत मुद्दाम ठेवलेले मोठे वेटोळे, असा उपाय योजला गेला. तिसरा मार्ग महाराष्ट्राला, त्यातही विदर्भाला, चांगला परिचित आहे, जरी त्याकडे या नजरेने सहसा पाहिले जात नाही. चंद्रपूर ते पडघे ही सुमारे साडेसातशे किलोमीटरची, 1500 मेगावॉटची, 500 केव्ही एकदिश प्रवाहाची वाहिनी 1999 पासून चालू आहे. एकदिश वाहिनी वीज नेते, पण बिघाड झाला तर प्रवाहाची भर जवळजवळ घालत नाही, कारण दोन्ही टोकांचे परिवर्तक प्रवाहाला काटेकोर लगाम घालतात. चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीला 1000 मेगावॉटचे असे केंद्र आहे की ज्यात वाहिनीच नाही: एका बाजूने आलेली वीज एकदिश केली जाते आणि त्याच आवारात पुन्हा प्रत्यावर्ती होऊन दक्षिणेकडे निघते. 1990 च्या दशकात ते बांधले तेव्हा दोन ग्रिड वेगवेगळ्या तालात चालत होत्या, म्हणून. आज ताल एक झाला तरी त्याची लगाम घालणारी जात कामाची राहिलीच आहे.

चौथा मार्ग, म्हणजे खास प्रवाह-मर्यादक उपकरणांचा, वाचायला सर्वांत चित्तवेधक आणि वापरात सर्वांत विरळ. जर्मनीत 1955 मध्ये असे यंत्र तयार झाले की ज्यात बिघाड ओळखताच एक छोटा स्फोटक मुख्य वाहक फोडतो. प्रवाह शेजारच्या फ्यूजकडे वळतो आणि शिखर गाठायच्या आत, सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात, तुटतो. अडचण एवढीच की ते एका वेळचे काम आहे. काडतूस बदलल्याशिवाय दुसऱ्यांदा चालत नाही. अतिवाहकतेवर चालणारे मर्यादक त्याहून सुबक. विशिष्ट तापमानाखाली या पदार्थांचा विरोध शून्य असतो, म्हणून रोजच्या प्रवाहाला ते असून नसल्यासारखे. प्रवाह ठरलेल्या पातळीवर गेला की अतिवाहकता आपोआप मोडते आणि विरोध उभा राहतो. 1996 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका जलविद्युत केंद्रात असा नमुना चालवून पाहिला गेला. 2014 मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात एक किलोमीटर लांबीच्या अतिवाहक केबलसोबत तो बसला. पण उणे 196 अंशांचा द्रवरूप नायट्रोजन अखंड पुरवणे हे शहराच्या मध्यवर्ती उपकेंद्रात परवडते. तुमसरच्या उपकेंद्रात त्याची गरजही नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बिघाडाचा प्रवाह इतका घातक असेल तर ग्रिडच थोडी कमकुवत, तुकड्यातुकड्यांची का ठेवू नये? कारण बिघाडाचा मोठा प्रवाह आणि ग्रिडचा भक्कमपणा ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. जिथे शॉर्ट सर्किटचा प्रवाह मोठा, तिथे मोठी मोटार सुरू केली तरी व्होल्टेज हलत नाही. भंडाऱ्याजवळ वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. अशा कारखान्यातली विद्युत-चाप भट्टी सेकंदासेकंदाला प्रवाह कमीजास्त करते. कमकुवत वाहिनीवर ती बसवली तर आसपासच्या गावांचे दिवे लुकलुकू लागतील. चांदपूर तलावात बावनथडीचे पाणी उचलून टाकणाऱ्या सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेच्या पंपांनाही सुरू होताना भक्कम व्होल्टेज लागते. ज्या उपायाने बिघाडाचा प्रवाह नेहमीसाठी कमी होतो तो रोजचा पुरवठाही लेचापेचा करतो, म्हणून रिॲक्टर हवा तिथे आणि हवा तेवढाच बसवावा लागतो.

दुसरी अडचण अशी की प्रवाह मोठा दिसला म्हणजे बिघाडच झाला असे नसते. 30 जुलै 2012 च्या पहाटे उत्तर भारत अंधारात गेला, त्याची सुरुवात बिना–ग्वाल्हेर या 400 केव्ही वाहिनीपासून झाली. त्या वाहिनीवर कोणताही बिघाड नव्हता. भार इतका वाढला होता की संरक्षक रिलेला तो दूरच्या बिघाडासारखा भासला आणि त्याने वाहिनी तोडली. तिचा भार इतरांवर गेला आणि त्या एकामागून एक पडल्या. चौकशी समितीने हीच कारणमीमांसा नोंदवली. देशाच्या सर्वांत महागड्या संरक्षण यंत्रणेलाही भार आणि बिघाड यांत फरक करता आला नाही. ही घटना मला महत्त्वाची वाटते ती तिच्या आकारासाठी नव्हे. हीच चूक दर उन्हाळी हंगामात खेड्यातल्या डीपीवर होते, फक्त उलट दिशेने, आणि तिची चौकशी समिती नेमली जात नाही.

उतरंडीच्या शेवटच्या पायऱ्यांचा हिशेब करून पाहा. खेड्यांना पुरवठा करणाऱ्या 33/11 केव्ही उपकेंद्रात बहुधा 5 एमव्हीएचे रोहित्र असते. त्याच्या 11 केव्हीच्या तोंडाशी बिघाड झाला तर प्रवाह जास्तीत जास्त साडेतीन-पावणेचार हजार ॲम्पिअर. तिथून पातळ ॲल्युमिनियमच्या तारेची 15 किलोमीटरची वाहिनी निघाली, तर तारेचा अडथळा किलोमीटरला एक ओहमच्या आसपास धरून टोकाला तीन तारा एकत्र भिडल्या तरी प्रवाह जेमतेम 400 ॲम्पिअर राहतो. आता तीच तार तुटून कोरड्या बांधावर किंवा मुरमाड रस्त्यावर पडली आणि जमिनीचा विरोध 200 ओहम निघाला, तर प्रवाह तीस ॲम्पिअरच्या आसपास. संध्याकाळी त्याच वाहिनीवरून गावांना याहून कितीतरी जास्त प्रवाह नेहमीच जात असतो. उपकेंद्रातल्या साध्या अतिप्रवाह रिलेला कळायला काही जागाच उरत नाही. डीपीच्या पुढे तर गंमत आणखी विचित्र. 100 केव्हीएच्या डीपीपासून एक किलोमीटरवर फेजची तार न्यूट्रलला चिकटली, जाण्यायेण्याचा मिळून दोन ओहम अडथळा धरला, तर प्रवाह 120 ॲम्पिअर भरतो. म्हणजे रोहित्राच्या पूर्ण भाराच्या प्रवाहापेक्षाही कमी. फ्यूज जळावी तरी कशाला?

याच्या समोर दुसरा आकडा ठेवू. त्याच डीपीवर पाच अश्वशक्तीचे पंधरा पंप आहेत. प्रत्येकाला साडेसात ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह लागतो, सगळे मिळून 112. शेतीला वीज ठरावीक तासांची, पुष्कळदा रात्रीची. म्हणून शेतकऱ्यांनी पंपांना ऑटो स्विच लावलेले असतात. वीज आली की सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि सुरू होताना मोटार सहापट प्रवाह ओढते. हिशेबाने 675 ॲम्पिअर. व्होल्टेज घसरल्यामुळे प्रत्यक्षात काहीसे कमी. म्हणजे सगळे ठीकठाक असताना या डीपीतून सहाशेच्या घरात प्रवाह जातो आणि टोकाला जीवघेणा बिघाड झाला तर एकशेवीस. नियमाप्रमाणे घातलेली फ्यूजची बारीक तार पहिल्या प्रसंगी जळते आणि दुसऱ्या प्रसंगी टिकते. उन्हाळी धानाच्या वेळी बांधी सुकत असताना रोज रात्री जळणारी फ्यूज कोणी किती दिवस बांधत बसेल? मग फ्यूज बसवायच्या खाचेत, किटकॅटमध्ये, दोन-तीन पदरी तार येते, पुढे ॲल्युमिनियमचा जाड तुकडा. डीपीतल्या जाड तारेबद्दल शेतकऱ्याच्या अडाणीपणावर बोट ठेवणारी भाषणे दर वर्षी होतात. तो धोकादायक प्रकार आहे यात शंका नाही: जाड तारेमुळे जवळचा तीन हजार ॲम्पिअरचा बिघाडही तुटत नाही आणि जी गुंडाळी असा धक्का दोन सेकंद सोसण्यासाठी बनवली जाते ती जळून जाते, गाव आठवडाभर नव्या रोहित्राची वाट पाहते. पण मूळ दोष फ्यूजकडून अशक्य काम मागण्यात आहे. नुसत्या प्रवाहाच्या आकारावरून भार कोणता आणि बिघाड कोणता हे जिथे ओळखताच येत नाही, तिथे आकारावर चालणारे एकच साधन ठेवून आपण सुरक्षेची जबाबदारी संपवली.

उपाय माहीत नाहीत असे नाही, आणि त्यांतला एक महाराष्ट्राने अर्धा अमलातही आणला आहे. 2018 मध्ये कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आली: एक-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटे रोहित्र आणि 11 केव्हीची वाहिनी थेट शेतापर्यंत. तिची जाहिरात झाली ती गळती, वीजचोरीचे आकडे आणि कमी व्होल्टेज थांबवणारी योजना म्हणून. बिघाडाच्या प्रवाहाच्या दृष्टीने पाहिले तर तिने दोन्ही मर्यादा एकदम साधल्या. 16 केव्हीए रोहित्राचा पूर्ण भार 21 ॲम्पिअर, त्याच्या तोंडाशी शॉर्ट सर्किट झाले तर फार तर 470 च्या घरात; म्हणजे वरची बाजू आटोक्यात. आणि लघुदाबाची तार किलोमीटरभर न जाता शे-दोनशे फुटांवर संपत असल्याने टोकाचा बिघाडही दीड-दोनशे ॲम्पिअरच्या वरच राहतो, भाराच्या कितीतरी पट. फ्यूजला तो कळतो. जाड तार घालावी अशी गरजही उरत नाही, कारण पंधरा पंप एकदम सुरू होण्याचा प्रश्न नाही. या प्रणालीवरचा नेहमीचा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो खोटा नाही. पण त्या खर्चाच्या बाजूला जळालेली रोहित्रे, त्यांच्या दुरुस्तीत गेलेला हंगाम आणि शेतात विजेने गेलेली माणसे-जनावरे कधी मांडली जात नाहीत. एक उणीव मात्र खरी आहे: या प्रणालीत 11 केव्हीची तार शेताशेतात शिरते. लघुदाबाचा धोका कमी होतो आणि उच्चदाबाची तार तुटून पडण्याचा वाढतो.

त्यावरचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. याच तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॅंगनीजच्या खाणी आहेत आणि खाणकामगाराला विजेपासून वाचवण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. देशातल्या कोळसा खाणींच्या वीज-नियमांत रोहित्राचा न्यूट्रल थेट जमिनीत न देता रेझिस्टरमधून देण्याची आणि 1100 व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यात जमिनीत जाणारा बिघाड-प्रवाह 750 मिलिॲम्पिअरवर रोखण्याची तरतूद आहे. एक ॲम्पिअरसुद्धा नाही! आणि एवढासा प्रवाह ओळखायचा कसा, तर आकारावरून नव्हे, हिशेबातल्या तफावतीवरून: तीन तारांतून गेलेले आणि आलेले जुळले नाही म्हणजे उरलेले जमिनीत गेले, मग पुरवठा तोडा. घरातली 30 मिलिॲम्पिअरला पडणारी गळती-संरक्षक कळ याच तत्त्वावर चालते. इथे भार किती मोठा आहे याला महत्त्वच राहत नाही. पंधरा पंप एकदम सुरू झाले तरी त्यांची बेरीज जुळते. ओल्या जमिनीत, धातूच्या अवजारांसह काम करणाऱ्या माणसाची जोखीम खाणीतली आणि धानाच्या चिखलातली सारखीच. रोवणी करणारी बाई आणि खाणकामगार यांच्यातला फरक विजेला कळत नाही, तो फक्त नियमावलीला कळतो.

11 केव्हीवरही हे करता येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत वाल्डेमार पीटरसन यांनी न्यूट्रल आणि जमीन यांच्यामध्ये जुळवलेले वेटोळे बसवून जमिनीत जाणारा प्रवाह जवळजवळ विझवण्याची युक्ती काढली; युरोपातल्या पुष्कळ ग्रामीण वाहिन्या आजही तशाच चालतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यांत 173 माणसे गेली. त्यांतल्या काही मोठ्या वणव्यांची सुरुवात वीजवाहिन्यांतून झाल्याचे चौकशी आयोगाला आढळले. त्यानंतर तिथे 2016 च्या नियमांनी 45 उपकेंद्रांत या वेटोळ्याची वेगवान, इलेक्ट्रॉनिक आवृत्ती बसवणे सक्तीचे केले. तार जमिनीला लागली की दोन सेकंदांत तिचे व्होल्टेज 22 हजारांच्या वाहिनीवरही अडीचशेच्या खाली आले पाहिजे, अशी त्यातली अट आहे. आक्षेप इथेही आहेत, आणि आपल्याकडे ते जास्त लागू होतात. एक तार जमिनीला लागून तिचे व्होल्टेज खाली आणले की उरलेल्या दोन तारांचे व्होल्टेज पावणेदोन पटीच्या जवळ चढते. चिरा गेलेले इन्सुलेटर आणि दहा वर्षे न तपासलेल्या केबली असलेल्या वाहिनीवर हा ताण दुसराच बिघाड घडवेल. म्हणून उद्या सगळ्या उपकेंद्रांत हे बसवा असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्या वाहिन्या धानाच्या बांध्यांतून आणि गर्द झाडीतून जातात, अशा मोजक्या निवडून त्यांचे इन्सुलेटर आधी बदलावेत आणि मग तिथे हा प्रयोग करावा. उपकेंद्रांत संवेदनशील अर्थ-फॉल्ट रिले तर आजही असतात. पावसाळ्यात ते सारखे पडतात म्हणून त्यांची मर्यादा वाढवून ठेवण्याचा किंवा ते बंदच करण्याचा मोह आवरला, तरी बराच फरक पडेल.

लहान प्रवाह निरुपद्रवी असतो हा समज मात्र कोणीही बाळगू नये. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळे गेली आणि चौकशीत बोट विद्युत उपकरणातल्या बिघाडाकडेच वळले. खोलीतली अशी आग लागते ती क्वचितच हजारो ॲम्पिअरने. एखाद्या सैल जोडणीत काही ॲम्पिअरचा चाप धुमसत राहतो आणि एमसीबीला तो नेहमीचाच भार वाटतो. वरची मर्यादा कितीही काटेकोर केली तरी असा चाप तिच्या खूप खाली राहतो.

हा प्रश्न पुढे आणखी अवघड होणार आहे, कारण वीज तयार करणारी यंत्रेच बदलत आहेत. तिरोड्याच्या जनित्रासारखे फिरणारे जड यंत्र बिघाडाच्या वेळी भाराच्या कितीतरी पट प्रवाह ओतते. सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी भाराच्या सव्वापटीपुढे सहसा जातच नाही. राज्यात 2017 मध्ये सुरू झालेल्या आणि 2023 मध्ये नव्या रूपात आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते ही त्याची मोठी जमा आहे. त्याच वेळी ग्रिडमधल्या फिरत्या जनित्रांचा वाटा घटत गेला तर बिघाडाचा प्रवाह आपोआप आटेल, मोठ्या उपकेंद्रांना दिलासा मिळेल आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला बिघाड ओळखणे आजच्यापेक्षा कठीण होईल. मर्यादकांवरचे संशोधन प्रवाह कमी करण्यासाठी चालू आहे. येत्या दशकात खेड्यांच्या वाहिन्यांना उलट तो ओळखण्याइतका राखण्याची विवंचना पडेल. गळतीच्या हिशेबावर चालणारे संरक्षण डीपीत आणि पंपाच्या पेटीत आताच घातले नाही, तर सौर वाहिनीचे श्रेय घेणाऱ्यांना पुढे याचे उत्तर द्यावे लागेल.

तोवर सिहोऱ्यापासून कुठल्याही गावच्या वाचकाने एवढे धरून चालावे: जमिनीवर पडलेली तार ठिणग्या उडवत नाही आणि गावातले दिवे चालू आहेत, म्हणून ती बंद आहे असे समजू नका. बांधीत पाणी असेल तर त्या बांधीतही उतरू नका, जनावरे लांब ठेवा, 1912 या क्रमांकावर कळवा आणि लाइनमन पुरवठा तोडून तारेला अर्थ लावल्याचे सांगेपर्यंत कोणाला तिच्याजवळ जाऊ देऊ नका.